परसांतलीं फुलें

‘माझीं आवडतीं फुलें’ हा विषय माझ्याकडे आला, तेव्हां प्रथम थोडा संकोचच वाटला. फुलांविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं आपल्याकडे वक्ता बहुधा कमळापासून आरंभ करतो आणि पाहतां पाहतां नंदनवनांत जाऊन पोहोंचतो. माझा कमळाशीं फारसा परिचय नाहीं आणि नंदनवन मीं पाहिलेलें नाहीं. ज्या झाडांना मीं स्वतः पाणी घातलें, ज्यांच्यावरच्या मुंग्या झटकल्या आणि ज्यांचे देठ खुडतांना बोटें चिकट झालीं, त्यांच्याविषयींच मला कांहीं खात्रीनें सांगतां येईल. हीं सारीं झाडें पुण्याच्या नारायण पेठेंतील एका वाड्याच्या परसांत होतीं. माळ्यानें दोरी लावून आंखलेली ती बाग नव्हे. विहीर, धुण्याचा दगड, बंबासाठीं फोडलेल्या लांकडांचा ढीग आणि सहा बिऱ्हाडांचीं वाळत घातलेलीं धोतरें-लुगडीं, यांच्यामधून जेथें जेथें वीतभर माती मोकळी राहिली होती, तेथें तेथें माझ्या आत्यानें कांहींना कांहीं लावलेलें होतें, इतकेंच.

परसाच्या दाराशीं प्राजक्त होता. पारिजातक हें त्याचें पूर्ण नांव आमच्याकडे फक्त कीर्तनकारबुवांच्या तोंडीं ऐकूं येई. खालीं पडलेलें फूल देवाला चालत नाहीं असा आपल्या घरांतून नियम असतो. या नियमाला प्राजक्त हा मोठा अपवाद. कारण तो आपलीं फुलें खुडूंच देत नाहीं. तीं रात्रीं उमलतात आणि उजाडावयाच्या सुमारास आपण होऊन गळतात. श्रावण सरत आला कीं आत्या रात्रीं निजण्यापूर्वीं झाडाखालीं वडिलांचें एक धुवट जुनें धोतर पसरून ठेवी आणि पहांटे त्याचीं चारी टोंकें उचलून तें तसेंच घरांत आणी. सत्यभामेच्या अंगणांतील प्राजक्ताचीं फुलें रुक्मिणीच्या अंगणांत पडत, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आमच्या झाडाच्याहि अर्ध्या फांद्या शेजारच्या वाड्याच्या भिंतीवरून पलीकडे गेलेल्या होत्या. मात्र शेजारच्या काकूंना फुलें मिळाल्याचा आनंद होण्याऐवजीं सकाळच्या सड्यावर कचरा पडल्याचा राग येई. पुराणकारांनीं ही बाजू कां लिहून ठेवली नाहीं, कोण जाणे.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत आपला औषधी वनस्पतींवरील ग्रंथ छापला, त्यांत या झाडाचें वर्णन ‘दुःखी झाड’ म्हणून आलें आहे. शास्त्रज्ञांनीं पुढें दिलेल्या लॅटिन नांवांतहि हें दुःख कायम राहिलें. दिवसां ज्याच्यावर फूल राहत नाहीं तें दुःखी, असा त्यांचा तर्क असावा. आम्हां मुलांना त्यांत दुःखाचें कांहीं दिसलें नाहीं. पानें खरखरीत असत. त्यांनीं आम्ही पाटीची लांकडी चौकट घांसून गुळगुळीत करीत असूं. आत्या केशरी देठ खुडून सावलींत वाळवी आणि ते उकळून देवाच्या आसनाचें कापड रंगवी. त्या देठांतलें रंगद्रव्य केशराच्या रंगद्रव्याचेंच सोयरें आहे असें पुढें माझ्या वाचनांत आलें. रंग फार देखणा येतो, पण पक्का नाहीं. दोन धुण्यांत उतरूं लागतो. उतरला कीं आत्या पुन्हां रंगवी.

जाईचा मांडव विहिरीच्या कडेला होता. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबीं जाई, जुई, मोगरा, कुंद हीं तर एका घराण्यांतलीं आहेतच, पण प्राजक्तहि त्यांच्याच कुळांतला आहे. जाईची कळी बाहेरून किंचित् गुलाबी असते. ती उमलण्याच्या आधीं, उन्हें उतरतांना खुडावी लागते. उमललेल्या फुलांचा गजरा रात्रीपर्यंतच मान टाकतो. दोऱ्याचें एक टोंक पायाच्या अंगठ्याला अडकवून आत्या ओसरीवर बसे, आणि बोलतां बोलतां तिच्या हातून गजरा असा पुढें सरके कीं जणूं तो आधींच तयार होता आणि ती तो केवळ ओढून काढीत आहे. वाड्यांतल्या सर्व सुवासिनी आणि मुली यांना रोज एकेक गजरा मिळे. कोणाला लांब, कोणाला आंखूड, हें केसांवरून ठरे.

तिच्या स्वतःच्या केसांत मात्र कधीं फूल नसे. एकोणिसाव्या वर्षीं विधवा होऊन ती आपल्या भावाकडे, म्हणजे आमच्या घरीं परत आली, तें साल १९३८. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झालेला होता. अण्णासाहेब कर्व्यांनीं पुण्यांतच १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला आणि तो पुढें हिंगण्यास नेला. आमच्या वाड्यापासून हिंगणें तें किती दूर! सकाळीं निघालेला मनुष्य पायीं जाऊन जेवणाच्या वेळेस घरीं परत यावा. पण कायदा आणि आश्रम वेगळे आणि वाड्याचा उंबरठा वेगळा. आमच्याकडे तिला कोणी छळलें नाहीं, उणेंदुणें बोललें नाहीं. मंगलकार्याच्या वेळीं ती आपण होऊन स्वयंपाकघरांत राही, आणि तिनें तसें राहावें यांत कोणाला वावगें वाटत नसे. मी सात-आठ वर्षांची असतांना तिला एकदां विचारलें होतें, “आत्या, तुला गजरा आवडत नाहीं का ग?” ती म्हणाली, “आवडतो कीं. करतांना हातांना वास लागतो ना, तो मला रात्रभर पुरतो.” या उत्तरांत तक्रारीचा सूर मुळींच नव्हता, आणि आतां तें आठवतांना मला तीच गोष्ट अधिक बोंचते.

आतां फुलांच्या दुसऱ्या एका बाजूकडे वळतें. ती व्यवहाराची आहे, आणि फुलांवरील भाषणांत ती बहुधा येत नाहीं. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना फुलपुडी म्हणजे काय हें सांगावयास नको. पानांत बांधलेली ती लहानशी पुडी, सकाळीं दाराच्या कडीला अडकविलेली. आंत चार फुलें, दूर्वा, तुळशीचीं पानें, सोमवार असला तर बेल. आमच्या परसाच्या दारानें रोज पहांटे एक म्हातारा फुलपुडीवाला येई आणि आत्याकडून तगर, जास्वंद, कण्हेर, गोकर्ण आणि दूर्वांच्या जुड्या घेऊन जाई. महिन्याचे पांच-सहा रुपये होत. सणांच्या महिन्यांत दहाहि होत. हिशेब माझ्या जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलेला असे आणि पैसे माळ्यावर एका पितळी डब्यांत. हा व्यापार वडिलांना ठाऊक होता आणि ठाऊक नव्हताहि. आपल्या घरची बाई फुलें विकते हें त्यांना कमीपणाचें वाटे, म्हणून ते पहांटे जागे असले तरी डोळे मिटून पडून राहत. ते स्वभावानें वाईट नव्हते. एका कचेरींत कारकून होते, आणि कारकुनाला अब्रू फार सांभाळावी लागते.

झाडांत आत्याचा खरा जीव सोनचाफ्यावर होता. तो तिनें स्वतः रोप आणून लावला आणि नऊ वर्षें वाट पाहिली. बियांपासून केलेल्या सोनचाफ्याला फूल येण्यास फार काळ लागतो. हल्लीं कलमें मिळतात व दुसऱ्या-तिसऱ्या वर्षींच तीं फुलूं लागतात, त्यामुळें आतां त्या वाट पाहण्याची कल्पना यावयाची नाहीं. पहिलें फूल आलें त्या दिवशीं तिनें तें वाटींत पाण्यावर ठेवून सर्व बिऱ्हाडांतून फिरवून आणलें होतें.

ता. १२ जुलै १९६१, बुधवार. त्या दिवशीं सकाळीं पानशेतचें नवें धरण फुटलें आणि त्या लोंढ्याखालीं खडकवासल्याचें जुनें धरणहि गेलें. पुण्यांतील ज्या घरांना तो दिवस भोगावा लागला, त्यांना मीं वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं, आणि इतरांना सांगून पुरतें कळावयाचें नाहीं. लकडी पूल पाण्याखालीं गेला. नदीकांठच्या पेठांतून मातीच्या भिंतींचीं घरें साखरेसारखीं विरघळलीं. आम्हां सर्वांना उंचावरच्या पेठेंतील एका नातलगांकडे आश्रय मिळाला. दोन दिवसांनीं परतलों तेव्हां वाड्याचा पुढचा भाग उभा होता. परसाची भिंत नव्हती. विहीर गाळानें भरलेली होती, आणि जेथें आम्ही फुलें वेंचीत असूं तेथें हातभर चिखलाचा थर बसून त्यावर कोणाच्या तरी घरचा पाळणा उपडा पडलेला होता. जाईचा मांडव वाहून गेला होता. प्राजक्त तिरपा झाला होता, पण मुळें धरून होता. सोनचाफा सरळ उभा होता आणि पानेंहि हिरवीं होतीं, त्यामुळें सर्वांना वाटलें, तो वांचला. त्याला पाणी साचून राहिलेलें सोसत नाहीं. मुळांशीं गाळ घट्ट बसून राहिला. आश्विनापर्यंत एकेक पान पिवळें पडत तो उभ्या उभ्या वाळला. आत्यानें तो स्वतःच्या हातानें तोडला नाहीं, वडिलांकडून तोडविला.

त्या दिवसांत शहराचे नळ बंद होते. प्यावयाच्या पाण्यासाठीं घागरी घेऊन रांगेत उभें राहावें लागे. तेथें फुलझाडांचें कोण पाहतो? परंतु तीन आठवडेहि झाले नसतील, त्या वाळत चाललेल्या गाळाला एके सकाळीं भेगा पडून त्यांतून गुलबक्षीचे तांबूस-हिरवे कोंब वर आले. कोणीं लावले नव्हते, कोणीं पाणी घातलें नव्हतें. गुलबक्षीचें मूळ मुळ्यासारखें जाड, गड्ड्याचें असतें. वरचा भार सगळा गेला तरी तिची शिदोरी जमिनींत पुरलेली असते. तोंवर या झाडाला आमच्या घरीं मान नव्हता. कुंपणाच्या कडेनें रुजावें, सांडपाण्यावर वाढावें आणि काळ्या मिऱ्यांसारख्या बिया सांडून पुढच्या वर्षाची सोय लावावी, अशी तिची रीत. आत्या त्या कोंबांपाशीं बराच वेळ उकिडवी बसून राहिली. नंतर उठून म्हणाली, “माती चांगली आलेली आहे.”

तिनें त्या गाळांत झेंडू लावला. बीं मंडईजवळच्या एका बायकोकडून उसनें आणलें. नदीच्या ताज्या गाळाइतकें खत दुसरें नाहीं, आणि बियांपासून झेंडूला फूल येण्यास दोन-अडीच महिने पुरतात. दसऱ्याच्या आधीं आमचें तें उघडें पडलेलें परस, जेथें विहिरीचा काठ कोठें होता तेंहि ओळखूं येत नव्हतें, तें एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पिवळें आणि नारिंगी झालें. फुलपुडीवाला पुरानंतर प्रथमच आला, आणि या खेपेस त्यानें टोपल्या आणल्या. त्या वर्षीं वाड्यांत कोणाच्याहि घरीं गोडधोड झालें नसेल, पण प्रत्येक दाराला तोरण होतें. आपल्या दसऱ्याचें हें फूल मूळचें मेक्सिको देशांतलें आहे, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटतें. तेथें नोव्हेंबरच्या आरंभीं घरच्या मृतांचें स्मरण करतात, तेव्हां याच फुलांनीं त्यांची वाट सजवितात. पुरांत गेलेल्या माणसांचीं घरें आमच्या गल्लींतहि होतीं. त्या दारांनाहि आत्यानें झेंडू पाठविला होता. तोरण म्हणून नव्हे, नुसताच सुटा.

पुढें १९६३ सालीं मी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालें. पुरानें आमच्या घराचें कंबरडें मोडलेलें होतें. भिंत बांधण्यासाठीं घेतलेलें कर्ज फिटलेलें नव्हतें, मागें दोन भाऊ शिकत होते, आणि मुलीचें शिक्षण इतकें पुरे, आतां स्थळें पाहावीं, असा विचार घरांत उघड बोलला जाऊं लागला होता. एके रात्रीं जेवणें झाल्यावर आत्यानें माळ्यावरचा तो पितळी डबा आणून वडिलांच्या पुढें पाटावर ठेवला. पुराच्या दिवशीं घर सोडतांना तिनें अंगावरच्या वस्त्राखेरीज एवढी एकच वस्तु बरोबर घेतली होती. ती म्हणाली, “दादा, हे माझे पैसे आहेत. हिला कॉलेजांत घाल.” ‘माझे’ हा शब्द तिच्या तोंडून त्यापूर्वीं मीं कधीं ऐकला नव्हता, वडिलांनींहि ऐकला नसावा. ते डब्याकडे पाहत राहिले. मग त्यांनीं पैसे मोजले नाहींत, डबा तिच्याकडे परत सरकविला आणि म्हणाले, “फीचा दिवस सांग.” पहिल्या वर्षाची फी त्या डब्यांतून गेली, दुसऱ्याचीहि. वडील त्यानंतर पहांटे डोळे मिटून पडून राहीनासे झाले. ते उठून फुलपुडीवाल्याला कंदील दाखवीत.

मीं वनस्पतिशास्त्र घेतलें, हें ओघानेंच आलें. तेथें आमची गुलबक्षी मला पुस्तकांत भेटली, आणि तिचा थाट पाहून मी चकित झालें. लिनियसनें १७५३ सालीं तिला दिलेल्या नांवाचा अर्थच मुळीं ‘आश्चर्यकारक’ असा आहे. ती अमेरिका खंडांतून आलेली. तिला पाकळ्या नाहींतच. जो रंगीत कर्णा आपण फूल म्हणून पाहतों तो वास्तविक निदलपुंज होय. ऊन कलल्यावर ती उमलते, कारण तिचा पाहुणा हा रात्रीं हिंडणारा लांब सोंडेचा पतंग आहे. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानें तिच्यावर केलेले प्रयोग १९०९ सालीं प्रसिद्ध झाले, ते फार महत्त्वाचे मानले जातात. कांहीं गुलबक्षींच्या पानांवर पांढरे-हिरवे डाग असतात; त्याच झाडावर एखादी फांदी निव्वळ हिरवी आणि एखादी निव्वळ पांढरट निघते. कोरेन्सला असें आढळलें कीं पराग कोणत्याहि फांदीवरचा आणून घातला तरी रोपाच्या पानांचा रंग ठरतो तो ज्या फांदीवर बीं धरलें तिच्यावरून. पांढऱ्या फांदीच्या बियांचीं रोपें पांढरींच निघतात, आणि हरितद्रव्य नसल्यामुळें थोड्याच दिवसांत मरतात. सुटींत घरीं आल्यावर मीं मोठ्या उत्साहानें हें सारें आत्याला समजावून सांगितलें. आमच्याकडे विहिरीमागें डागांच्या पानांचें एक झाड होतें. तिनें ऐकून घेतलें, दूर्वा निवडण्याचें काम थांबविलें नाहीं, आणि म्हणाली, “पांढऱ्या फांदीचें बीं मी ठेवीतच नाहीं. त्याचीं रोपें जगत नाहींत.” चार बुकें शिकलेल्या पोरीला नामोहरम करण्याचा तिचा हेतु नव्हता. तिला तें खरोखरच फार साधें वाटत होतें.

अनंताविषयीं सांगावयाचें राहिलें. तें झाड परसांतलें नव्हे, माझ्या संसारांतलें. माझ्या घरीं, खिडकीशीं, एका मोठ्या कुंडींत तो होता. १९७८ च्या उन्हाळ्यांत आत्या माझ्याकडे राहावयास आली होती. तिचें वय त्या वेळीं एकोणसाठ. माझी मुलगी पांच वर्षांची. एके संध्याकाळीं आत्या डुलकी घेत असतांना मुलीनें अनंताचें एक पूर्ण उमललेलें फूल तिच्या अंबाड्यांत खोंचून दिलें. अनंताचा वास लपत नाहीं. आत्याला जाग आल्याबरोबर तो कळलाच असणार. तिचा हात केसांकडे गेला, क्षणभर तेथें थांबला आणि खालीं आला. त्या संध्याकाळीं शेजारच्या दोघी बायका बसावयास आल्या होत्या. त्यांच्यासमोर ती तशीच बसली, डाळिंबाचे दाणे सोलीत, लोणच्याच्या कैऱ्यांविषयीं बोलत. कोणी कांहीं म्हणालें नाहीं. सकाळीं तें फूल तिच्या केसांत नव्हतें, देव्हाऱ्यांत नव्हतें आणि निर्माल्याच्या परडींतहि नव्हतें. मीं शोधलें होतें. १९९१ सालीं ती वारली. तोंवर या गोष्टीचा उल्लेख तिनें कधीं केला नाहीं आणि मींहि केला नाहीं.

मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें ठराव केला कीं, पतीच्या निधनानंतर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या प्रथा आपल्या गांवांत बंद करण्यांत याव्या. पुढें राज्य सरकारनेंहि इतर गांवांनीं याचें अनुकरण करावें असें परिपत्रक काढलें. ही वार्ता वाचली तेव्हां मीं हिशेब केला: आत्या माहेरीं परत आली त्याला चौऱ्यायशीं वर्षें झालीं होतीं. ठराव चांगला आहे. पण ज्या घरांतून तो अमलांत यावयाचा तेथें पुष्कळदां कोणी मनाई करणारा नसतोच. नुसता एक हात केसांकडे जातो आणि मध्येंच थांबतो. त्या हाताविषयीं ठरावांत काय लिहावें, हें मलाहि सांगतां येणार नाहीं.

वाडा १९९४ सालीं पाडला गेला; तेथें आतां पांच मजली इमारत आहे आणि परसाच्या जागीं वाहनें उभीं राहतात. प्राजक्त तोडला जाण्यापूर्वीं त्याच्या चपट्या शेंगा मीं वेंचून आणल्या. प्रत्येकींत दोनच बिया असतात, आणि त्यांतल्याहि पुष्कळ रुजत नाहींत. माझ्याकडे एक रोप जगलें. तें मुलीनें आपल्या घराच्या आवारांत नेऊन लावलें आणि आतां तेथल्या शेजाऱ्यांचीहि सकाळच्या कचऱ्याबद्दल तक्रार आहे असें ऐकतें. जाईची फांदी मात्र सहज लागते. जून फांदी जमिनीलगत वांकवावी, पेराशीं सालीला थोडी इजा करून मातींत दाबावी, वर एक दगड ठेवावा. पावसाळा संपेतों तिला मुळें फुटतात आणि मग ती आईपासून तोडावी. माझ्या गॅलरींतील जाई अशीच दोन घरें फिरून आलेली आहे. गुलबक्षीला यांपैकीं कांहींच करावें लागत नाहीं. तेलाच्या एका जुन्या डब्यांत ती दर मृगाला आपण होऊन उगवते. आतां या सुमारास ती उमलत असेल, आणि निघण्याच्या गडबडींत आज तिला पाणी घालावयाचें राहिलें आहे.